दहा सेंटीमीटरची रेघ

चिपचा पहिला पाय बरोबर तांब्याच्या ठशावर बसला. दहावा जरासा बाजूला सरकला. रांगेतला शेवटचा पाय दोन ठशांच्या मधल्या हिरव्या पट्टीवरच पडला.

यागोदानं भिंगावरून डोळे काढले. खोक्यात असेच चाळीस सर्किट बोर्ड होते, पिरोतच्या चीज कारखान्यासाठी केलेले. सगळे भंगारात जाणार. वर्षातली ही दुसरी चूक. तिसरी झाली की निश शहरातल्या बापलेकीच्या या दुकानाला टाळंच.

"चिपच चुकीची पाठवलीय मेल्यांनी," तिहोमिर म्हणाले. बोर्ड आखायचं काम त्यांचं, जोडायचं हिचं.

"चिप बरोबर आहे, बाबा. तिच्या पायांमधलं अंतर इंचाच्या मापाचं आहे. ठसे तू मिलिमीटरवाले घेतलेस, जरा जास्त अंतराचे." दोन पायांमधल्या अंतरात फरक केसाहून कमी, पण रांगेच्या टोकापर्यंत तो साचत जातो.

"मी काय काल जन्मलो? कागदावर छापून, वर चिप ठेवून बघितली होती. चपखल बसली. कागद स्वस्त, तांबं महाग, हे तुला कुणी शिकवलं?"

"तूच."

त्यांनी खणातून तो कागद काढून पुढे टाकला. तिनं वर चिप ठेवली. खरंच चपखल बसली. यागोदा चक्रावली. मग तिला कागदाच्या कडेची रेघ दिसली. प्रिंटर कधीकधी सगळंच आक्रसून छापतो, म्हणून तिहोमिर प्रत्येक कागदावर दहा सेंटीमीटरची रेघ आखत आणि छापल्यावर ती मोजत.

"रेघ मोजली होतीस?"

"न मोजता मी घास तरी गिळतो का?"

"आत्ता मोज."

त्यांनी पोलादी पट्टी लावली. इतके वाकले की नाक कागदाला टेकलं. बराच वेळ तसेच राहिले.

"दहा. पूर्ण दहा."

रेघ दहाच्या आधीच, चांगली दोन मिलिमीटर आधी संपत होती. यागोदाला ते टेबलापलीकडून, भिंगाशिवाय दिसत होतं. म्हणजे कागदच आक्रसून छापला होता, म्हणून मोठ्या अंतराच्या ठशांवरही चिप बसली होती. तिसऱ्या चुकीचा विचार मनात आला, तो तिनं तसाच गिळला.

"दहाच आहे, बाबा. चिपवाल्यांनीच घोळ घातलाय."

"मग मी काय म्हणत होतो!" तिहोमिर एकदम खुलले. "चल, आण पुढचं काम."

त्यांनी चाचपत दिव्याचं बटण शोधलं आणि दिवा कागदाच्या अगदी जवळ ओढला. टेबलावर भर दुपारचं ऊन पडलं होतं.