बळदातल्या मुंग्या

निजामाच्या रझाकारांची गोळी मांडीत लागलेल्या लिंबाजीला त्याच्या मायनं, ठकूबाईनं, घरातच लपवलं होतं. दोन भिंतींमधल्या बळदात, जवारी साठवायच्या जागी. माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, असलेल्या बळदाच्या तोंडातून ती भाकरी आत सोडायची. तिसऱ्या दिवशी खालच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघाली, तोंडात भाकरीचे कण घेऊन. ठकूबाईनं फटीत राख कोंबली आणि भिंतीला तोंड लावलं.

"सांडू नको रं लेकरा. ह्या मुंग्या घात करतील आपला."

"न्हाई सांडत, माय."

मग गावात रझाकारांचा तळ पडला. दोन दिवस तिनं मुकाट्यानं भाकरी टाकली, हाक मारली नाही. मुंग्या मात्र दुप्पट झाल्या. झडतीला आलेल्या रझाकारानं भिंतीवर बंदुकीचा दस्ता आपटला.

"बुढिया, इसमें क्या है?"

"जवारी हाय, सरकार. बघा की, कशा मुंग्या लागल्यात."

रांग बघून तो निघून गेला. ठकूबाई धावतच माळवदावर चढली.

"आज मुंग्यांनीच तारलं रं तुला," म्हणत तिनं कंदील आत सोडला.

कालची न् परवाची भाकरी तशीच पडली होती. मुंग्या त्या भाकरीला वळसा घालून लिंबाजीकडं चालल्या होत्या.