देण्याघेण्यातला

सारिकाने काडी ओढली आणि धाग्याचं टोक ज्योतीजवळ नेलं. धागा आधी आक्रसला, मग वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी उरला. सुती असता तर जळत्या कागदाचा वास आला असता, बोटांवर मऊ राख पडली असती.

"पॉलिस्टर," ती पुटपुटली. कित्येक महिन्यांत तिला इतका आनंद झाला नव्हता.

लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पर्यावरणपूरक कपड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि सारिका मागच्या जिन्यात उभी राहून प्रयोग करत होती. तळेगावच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत ती रोज असेच धागे तपासायची. हा धागा मात्र तिने मघाशी मैत्रिणीच्या, स्नेहलच्या स्टॉलवरच्या एका जॅकेटच्या आतल्या शिवणीतून गुपचूप उपसला होता.

दोघी इंदुरी गावच्या, एका बाकावर शिकलेल्या. वहीच्या मागच्या पानांवर दोघी कपड्यांची चित्रं काढायच्या आणि सारिकाची जास्त चांगली यायची. पुढे सारिकाने रसायनशास्त्र घेतलं, स्नेहलने शिलाई मशीन. आता पुण्यातली कॉलेजची पोरं स्नेहलच्या हुडी घालून फोटो टाकत होती. त्या हुडी आणि जॅकेटं कशाची, तर ओटीत आणि हळदीकुंकवात मिळालेल्या ब्लाऊजपीसची. घरोघरी पडून असलेले पीस गोळा करून आणायची कोण, तर सारिकाचीच आई, मुक्ताबाई. आजही ती स्टॉलवर बसली होती. नऊवारीवर स्नेहलचं जांभळं जॅकेट चढवून येईल त्याला सांगत होती, "आमच्या स्नेहलनं केलंय!"

आमच्या. सारिकाला बढती मिळाली तेव्हा आई "बरं झालं बया" म्हणून भाकरी थापायला बसली होती.

सारिका हॉलमध्ये परतली तेव्हा स्टॉलसमोर रेणुका मॅडम उभ्या होत्या. मुंबईच्या एका मोठ्या दुकानासाठी त्या कपडे निवडायच्या. त्यांनी मान डोलावली की स्नेहलचं नाव मुंबईला पोचणार होतं. सारिका सरळ त्यांच्यापुढे गेली आणि तळहात उघडला.

"मॅडम, घेण्याआधी हे बघा. पर्यावरणपूरक म्हणतात ना? पॉलिस्टर आहे हे. जाळून बघितलंय मी. त्या जॅकेटच्या पाठीतला धागा."

तिने पुतळ्यावरच्या जॅकेटकडे बोट केलं. चिंतामणी रंगाची पाठ, कडेला खोटी जर. सकाळपासून प्रत्येक जण तिथेच थबकत होता. सारिकासुद्धा थबकली होती.

स्नेहलने वाकून मणी पाहिला. "पॉलिस्टरच आहे की," ती म्हणाली. "सुती असतं तर बाईनं शिवून घातलं नसतं का? उन्हाळ्यात अंगाला चिकटतं म्हणून तर हे पीस या घरातून त्या घरात फिरत राहतात. कुणी शिवत नाही आणि कुणी टाकतही नाही. मी तेवढेच घेते. आतून जुन्या साड्यांचं सुती अस्तर लावते."

रेणुका मॅडम खळखळून हसल्या. "अहो, माझ्या सासूबाईंचं कपाट भरलंय त्यांनी. हात लावला की म्हणतात, राहू दे, देण्याघेण्यातले आहेत! मी घेतेय तुमचे कपडे. सगळे प्रकार पाठवा."

सारिकाचे कान तापले. "पण असलं कापड मुळात देतं तरी कोण?" तिचा आवाज नको तेवढा चढला.

"कोन म्हंजी?" मुक्ताबाई उठली. तिने पुतळा फिरवला, जरीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं सारे, ह्यो तर आपल्याच घरातला! हिच्या मशिनच्या पूजेला तूच न्हाई का दिलास? म्या म्हनलं, मैतरीण हाय, चांगला खण काढ. तर म्हनलीस, तिला कशाला, देन्याघेन्यातला बास व्हईल."

सारिकाने मूठ आवळली.

रेणुका मॅडमनी घाईघाईने विषय बदलला. "हे जॅकेट तर मला आजच हवंय. बांधून द्या."

स्नेहलने जॅकेट पुतळ्यावरून उतरवलं आणि स्वतःच्या हातावर घेतलं.

"हे सोडून कुठलंही न्या, मॅडम. पूजेनंतर कितीतरी दिवस मी हाच पीस समोर ठेवून बसले होते, याचं करायचं काय म्हणून. बाकीचं सगळं त्यातूनच सुचलं."