रेषेवर थांबलेली गाडी

शनिवारच्या शर्यतीत शेवटची येणारी गाडी कायमची पुसायची, हा गेमचा नियम मीच लिहिला. ब्लॉकचेनवर चढवताना ऐटीत म्हणाले होते, "आता सीझन संपेपर्यंत मलासुद्धा बदलता येणार नाही."

तेव्हा बाबाच खेळायला लागतील, हे कुणाला ठाऊक होतं? अर्धांगवायूने त्यांची दुधाच्या टँकरवरची ड्रायव्हरकी सुटली, चालतो तो फक्त उजवा अंगठा. गेममधल्या गाडीला त्यांनी त्याच टँकरचा नंबर दिलाय, आणि चालवतात सगळ्यांच्या मागे.

म्हणून दर शनिवारी मी खोट्या नावाने नवी गाडी उतरवते आणि सुरुवातीच्या रेषेवरच उभी ठेवते. ती पुसली जाते, त्यांची वाचते.

आज शर्यत सुरू झाली आणि बाबांचा फोन आला.

"पोरी, एक बिचारा दर वेळी जागचा हलतच नाही बघ. आज मी थांबलोय त्याच्याजवळ."

"बाबा, निघा! वेळ संपेल."

"आधी त्याची सुटू दे, मी मागे राहतो. रस्त्यात बंद पडलेल्याला मी कधी सोडून गेलो नाही."

मी निघाले, तर बाबा शेवटचे. मीही हलले नाही, तर बरोबरी. आणि बरोबरीत जुनी गाडी पुसायची, हेही मीच लिहिलंय.