लुंबिनीला झालेली पोर

"पोरगी झाली, बाबा," विक्की फोनवर म्हणाला.

देवरावच्या हातातला घास हातातच राहिला. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात जेवणाची सुट्टी होती. समोर वामनराव डबा खात बसले होते. मुलगा विक्की, सून रिना आणि बायको सीता यात्रेच्या बसने नेपाळात लुंबिनीला गेले होते. युनिटची दुरुस्ती निघाली म्हणून देवरावला तेवढी रजा मिळाली नव्हती. निघायच्या आधी सीतेला सारखा वात धरायचा, ओवा चावून चावून ती कंटाळली होती; म्हणून घोर लागलाच तर तिचा होता. आणि झालं हे भलतंच.

"रिना पोटुशी होती, अन् मले कोणी सांगतलं काऊन नाई?"

पलीकडे विक्की खोकला. "कोणालेच माहीत नव्हतं, बाबा. बसमधीच पोटात दुखाले लागलं. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टरनं सांगतलं. सातवाच महिना हाये म्हणते."

"रिना कशी हाये?"

"रिना ठणठणीत हाये."

"अन् पोरगी? जगते का?"

"काचंत ठेवली हाये. पाहून राह्यले डॉक्टर."

फोन ठेवल्यावर देवरावने वामनरावांना सांगितलं, "नात झाली. परदेशात."

"महामायेलेबी वाटेतच कळा आल्या होत्या, देवरावभाऊ," वामनराव म्हणाले. "लुंबिनीलेच. माहेरी चालली होती माय."

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. बुद्धाची आई महामाया बाळंतपणानंतर फार जगली नव्हती. ते दोघांनाही ठाऊक होतं.

संध्याकाळी देवरावनेच फोन लावला. "मी येतो. रजा देवो का नको देवो."

फोन सीतेने घेतला. तिचा आवाज खोल गेला होता. "नका येऊ. इथी आमा तिघाइशिवाय कोणाले आत सोडत नाई. अन् तुम्हाले पाहून मले काई बोलताच येनार नाई."

दुसऱ्या दिवसापासून विक्की फोनवर बाळ दाखवू लागला. काचेच्या पेटीत नळ्यांमध्ये एवढासा लाल जीव. चामडी इतकी पातळ, की आत दिवा लावल्यासारखी दिसे. पायाचा तळवा नर्सच्या अंगठ्याएवढा. श्वास घेताना पोट पार पाठीला टेकायचं आणि पुन्हा वर यायचं. देवरावचा जन्म धडधडत्या यंत्रांपुढे गेला होता. पण आवाजसुद्धा न करता इतकं हट्टाने चालणारं काही त्याने पाहिलं नव्हतं. तो स्क्रीनवर बोट ठेवायचा, आणि तिला टोचेल की काय म्हणून काढून घ्यायचा.

"दूध?" तो विचारी.

"येऊन राह्यलं. थेंब थेंब देतेत नळीनं."

पुढे पोरीला पेटीबाहेर काढलं. आता फोनवर सीता दिसू लागली. अंगावर शाल, आणि शालीच्या आत छातीशी उघडी बांधलेली पोर. तेवढी टोपी वर डोकावायची.

"रिनाजवळ देत नाई का?" देवरावने विचारलं.

"डॉक्टर म्हणते, आईच्याच छातीशी ठेवा," विक्की म्हणाला. "तिच्याच उबेनं वाचंल म्हणते."

देवरावला ते पटलं. रिना कोवळी पोर. सीता तिच्यासारखी नवखी नव्हती. अठराव्या वर्षी लग्न होऊन आली, वर्षभरात विक्की झाला. त्यानंतर तिला दुसरं मूल झालं नाही, पण एकाला तरी तिने नीट वाढवलं होतं. तो तिच्याकडे बघत राहिला. ती शालीत तोंड घालून पोरीशी काहीतरी पुटपुटत होती. बायकोचा चेहरा त्याने इतका वेळ कधी न्याहाळला होता, ते त्याला आठवेना.

एका दुपारी विक्कीचा अवेळी फोन आला. "बाबा, श्वासच थांबला होता तिचा. निळी पडली होती. आईनं पाठ चोळली, चाल माय, चाल माय म्हणे... मंग घेतला."

देवराव तडक विहारात गेला. बुद्धाला काही मागायचं नसतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी त्याने मागितलं.

पोर त्यानंतर थांबली नाही. मग तिचं वजन वाढलं, नळी निघाली, आणि एक दिवस तिचं रडणं फोनवर ऐकू आलं. मांजराच्या पिलासारखं. देवरावने फोन कानाला लावला आणि डोळे मिटून घेतले.

"सीता," तो म्हणाला, "तुले मानलं. आजी असावी तं अशी."

सीता हसली. हसता हसता तिचा आवाज फुटला. "स्टेशनावर तुम्हीच या बरं. मले तुमचं तोंड पाहाचं हाये."

धुक्यामुळे गोरखपूरची गाडी फारच उशिरा बल्लारपूरला लागली. देवराव नवं ब्लँकेट घेऊन पहाटेपासून फलाटावर उभा होता. आधी विक्की उतरला, पिशव्या ठेवल्या, आणि वर न पाहता त्यांचे बंद आवळत बसला. मग रिनाचा हात धरून सीता सावकाश उतरली.

तिने शाल बाजूला केली. पोर जागी होती. देवरावने भीत भीत बोट पुढे केलं, तर तिने ते मुठीत धरलं आणि सोडेचना. एवढ्याशा मुठीत एवढी ताकद कुठून आली असेल?

भरल्या डोळ्यांनी त्याने दुसरा हात सुनेच्या डोक्यावर ठेवला. "पोरी, तू घरात उजेड आनला. आता तू आराम कर. तुह्या लेकीले आमी सांभाळतो."

सीता रुळांकडे पाहू लागली. रिना ओढणीत हसू दाबत त्याच्या पाया पडायला वाकली आणि हळूच म्हणाली,

"मामाजी, मले कायचा आराम? ही तं माही नणंद हाये."