लग्नाला निघालेल्या दोघी

तंबूच्या खुंट्या घरीच राहिल्या होत्या. पहिल्याच मुक्कामाला, सूर्य मावळायला अर्धा तास उरला असताना सुनेच्या हे लक्षात आलं.

"मी पिशवीत टाकल्या होत्या हो," ती रडवेली होऊन म्हणाली.

"टाकल्या असशील. पिशवी कुठे टाकलीस?" सासूबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी सामानातून जाड स्पोकांचं पुडकं काढलं, एकेक पक्कडीनं वाकवला आणि दगडानं जमिनीत ठोकला. तीस वर्षं सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलेली बाई ती. तंबू जरा पोक काढून उभा राहिला, पण उभा राहिला.

पावणेचारशे किलोमीटर जायचं होतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी अकराला, बंदराच्या गावातल्या विवाह नोंदणी कार्यालयात. तारीख चुकली तर पुन्हा महिनाभर थांबा, आणि महिन्याभरात घरची माणसं काय काय करतील याचा नेम नव्हता.

सासूबाईंचा मुलगा जाऊन चार वर्षं झाली होती. त्याचे वडील त्याच्याही आधी गेले. घरात या दोघीच उरल्या. एक दुकान सांभाळायची, दुसरी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. दोन वर्षांपूर्वी बंदराच्या गावचे एक घड्याळजी सायकलवरून फिरताना त्यांच्या दारात अडकले. मागच्या चाकाचा आस मोडला होता, नवा यायला चार दिवस लागले. चारही दिवस ते दुकानातल्या बाकावर बसून होते. मग गेले, आणि सुनेच्या फोनवर त्यांचे निरोप यायला लागले.

लग्नाचं कळल्यावर सासूबाईंचे धाकटे दीर घरी येऊन तणतणले. "आपल्या घरातली विधवा दुसरं लग्न करणार? मग आमच्यातलं कुणी येणार नाही. गाडीही मिळणार नाही. जा चालत."

"चालत कशाला?" सून म्हणाली होती. "दुकानात सायकली आहेत की."

तोवर तिला सायकल येतही नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी वाऱ्यानं तंबू उचलला आणि शेजारच्या तळ्यात नेऊन ठेवला. दोघी कंबरभर पाण्यात उतरल्या. तंबू मिळाला, पण आत ठेवलेला स्टोव्ह आणि बिस्किटांचे पुडे तळ्याला अर्पण झाले. तिसऱ्या दिवशी एका गाढवानं सुनेचा सुकायला टाकलेला सदरा अर्धा खाल्ला. "बाह्या शिल्लक आहेत," सासूबाई म्हणाल्या, "हातरुमाल कर."

दुपारी घड्याळजींचा फोन आला.

"ठीक आहोत," सून म्हणाली. "नाही, न्यायला येऊ नका. आम्ही येतो म्हटलंय ना, येतो." फोन ठेवताना ती हसत होती.

"काय म्हणतात?"

"काळजीनं जेवण जात नाहीये म्हणे."

"मोठे झालेत. जेवतील," सासूबाई म्हणाल्या आणि चेनला तेल द्यायला खाली वाकल्या.

चौथ्या मुक्कामी एका शाळेच्या शिपाईणबाईंनी आवारात तंबू लावू दिला आणि चहा आणून दिला.

"निघालात कुठे?"

"लग्नाला. आमच्या घरचंच आहे," सून म्हणाली.

शिपाईणबाईंनी दोघींना नीट न्याहाळलं. मग सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. "नशीब काढलंस गं. अशी सासू कुठे मिळते?"

"खरंच नाही मिळत," सून म्हणाली. सासूबाईंनी चहाच्या कपात तोंड घातलं ते बराच वेळ वर काढलं नाही.

पाचव्या दिवशी उतारावरच्या खडीत सासूबाईंची सायकल घसरली. गुडघा बघता बघता टम्म सुजला. त्या रस्त्याच्या कडेला बसून राहिल्या.

"परत जाऊ या," त्या म्हणाल्या. "भावोजी म्हणत होते ते काही अगदीच खोटं नव्हतं. लोक हसतील. सोडून दे हा नाद."

सून खुंट्यांसाठी रडली होती, सदऱ्यासाठीही रडली होती. आता मात्र तिचे डोळे कोरडे होते.

"हसू देत," ती म्हणाली. "सहा महिने तुम्ही माझ्या सायकलचं सीट धरून मागे धावलात. परत जायला नाही शिकवलंत मला."

तिनं सासूबाईंचं सगळं सामान आपल्या सायकलवर लादलं. गुडघ्याला सदऱ्याच्या बाह्या आवळून बांधल्या. त्या दिवशी दोघी सोळाच किलोमीटर गेल्या, बहुतेक चालत. सहाव्या दिवशी गुडघा वाकू लागला. सातव्या दिवशी चढ संपला.

शुक्रवारी सकाळी शेवटच्या वळणावर सुनेच्या सायकलचा मागचा टायर फुस्स झाला. सासूबाई पुढे सरसावल्या, तर सुनेनं त्यांना दगडावर बसवलं. ट्यूब काढली, भोक शोधलं, घासलं, ठिगळ चिकटवलं, हवा भरली. सासूबाई बसल्या जागेवरून बघत राहिल्या. बोलण्यासारखं काही चुकलंच नव्हतं.

मग खाली समुद्र दिसला आणि दोघींनी ब्रेक सोडले. वारा तोंडात शिरत होता. सून ओरडली, सासूबाईही ओरडल्या.

अकराला दहा कमी असताना त्या कार्यालयात शिरल्या. कोपरांपर्यंत चिखल, केसांचं पार घरटं झालेलं. दोघींनी नळावर तोंडं धुतली. सुनेनं सामानाच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे, इस्त्रीचे कपडे काढले. एकच जोड होता.

टेबलामागच्या कारकुनानं कागद तपासले, चष्मा सारखा केला आणि सुनेपुढे रजिस्टर सरकवलं. "नवरीची सही इथे."

"मी साक्षीदार," सून म्हणाली, आणि ते इस्त्रीचे कपडे घालून लंगडत बाहेर आलेल्या सासूबाईंच्या हातात पेन दिलं.