घरच्या जेवणाचा दंड

सिस्टीम पुन्हा पडली आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी काम थांबवून अमरेशकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. भूक होती.

"घरी फोन लाव," विरुपाक्ष सर म्हणाले. "आज भाजी काय हाय बग."

अमरेशनं मान खाली घालून फोन लावला.

शुक्रवार पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर चादरी-टॉवेलच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. मालक गुरुशांत सरांचा एकच नियम होता. ज्याच्या हातून चालू सिस्टीम पडेल, त्यानं त्या दिवशी सगळ्या ऑफिसला घरचं जेवण घालायचं. पगार कापला तर माणूस चूक लपवतो, जेवण घातलं तर लपवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. नियम सगळ्यांना सारखाच होता. पण अमरेश नोकरीला लागल्यापासून आठ महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या घरची चूल त्यासाठी पेटली नव्हती. ही त्याची सातवी वेळ होती.

अर्ध्या तासात त्याची धाकटी बहीण श्रीदेवी डबे घेऊन तीन जिने चढून आली. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गरम भरली वांगी. आई शिवबाईच्या हाताला चव होती, आणि तिच्या मुलाच्या हाताला काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

जेवणं झाली की विरुपाक्ष सर डबे विसळायला श्रीदेवीला मदत करत. ऑफिसात गुरुशांत सरांच्या खालोखाल त्यांचा मान, वय जेमतेम तीस, पण गर्व नावाला नाही. मग ते अमरेशला शेजारी बसवून धडा देत. बदल करायच्या आधी जुनं जपून ठेवायचं, हा पहिल्या वेळचा. शुक्रवारी संध्याकाळी चालू सिस्टीमला हात लावायचा नाही, हा दुसऱ्या वेळचा. तिसरा धडा जरा कडक होता.

"'माझ्या मशीनवर तर चालतंय' असं म्हणणाऱ्या इंजिनिअरला कोण जेवायला पण बोलवत न्हाय."

अमरेश सगळं वहीत उतरवून घ्यायचा आणि रात्री श्रीदेवीला वाचून दाखवायचा. ती बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. रात्री तो ज्यावर ऑफिसचं काम करायचा, त्याच घरच्या लॅपटॉपवर तो ऑफिसला गेला की ती सराव करायची. आपल्यामुळे निदान घरात एक तरी इंजिनिअर नीट घडतोय, एवढंच त्याला समाधान होतं.

गंमत अशी, की एकदा शिकलेली चूक तो परत करत नसे. नवीन आणि आधीपेक्षा बारीक चूक निघायची. पहिली सापडायला दहा मिनिटं लागली होती, सहावी सापडायला दोन दिवस. आपण हुशार होत चाललोय की जास्त हुशारीनं मूर्ख होत चाललोय, हे त्याचं त्यालाच कळेना.

एकदा त्यानं विचारलं होतं, "सर, कुणी, कुठनं, किती वाजता काय बदललं त्याची आपोआप नोंद ठेवू या का? म्हंजे माझी चूक लगेच घावंल."

"नको. मशीन सुस्त होतंय," विरुपाक्ष सर म्हणाले. "इंजिनिअरनं डोकं चालवायचं."

अमरेशनं तेही वहीत लिहून घेतलं.

सातव्या जेवणानंतर गुरुशांत सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"वांगी लई झकास हुती," ते म्हणाले. "पण कारखानदार किती दिवस थांबतील? सोमवारी तुला कायम करायचं का घरी पाठवायचं, ते ठरवणार हाय. त्याच्या आत अजून एकदा पडली तर माझा नाइलाज हाय बग."

वडिलांच्या माघारी घर त्याच्या नोकरीवर उभं होतं. त्याला रडू आलं, पण ते त्यानं जिन्यात उरकून घेतलं. घरी काही बोलला नाही. विरुपाक्ष सरांनाही सांगितलं नाही. एवढं शिकवूनही आपण असे निघालो, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

त्या आठवड्यात त्यानं पहिल्यांदा विरुपाक्ष सरांचं ऐकलं नाही. गुपचूप ती नोंद सुरू केली.

सोमवारी नऊ वाजता तो थेट केबिनमध्ये जाऊन गुरुशांत सरांच्या समोर बसला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"सर, आज मी कशालाच हात लावणार न्हाय. तुमी बगत ऱ्हावा."

दहा वाजता सिस्टीम पडली.

गुरुशांत सरांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. हात मांडीवरच होते.

"नोंद हाय सर," अमरेश म्हणाला. "काढून दाखवतो."

नोंद शोधायला अर्धा तास गेला. तोवर सगळे मोठ्या पडद्याभोवती जमले होते. विरुपाक्ष सर मात्र आपल्या टेबलाशीच बसून राहिले. अखेर ओळ उमटली. वेळ, नऊ अठ्ठावन्न. बदल करणारा, अमरेश. मशीन, अमरेशच्या घरचा लॅपटॉप.

"मी तर तुमच्यासमोर बसलोय की सर," अमरेश म्हणाला.

"ते मी बगितलंय. पण नाव तुझं, लॅपटॉप तुझा," गुरुशांत सर हळूच म्हणाले. "कारखानदारांना मी काय दाखवू? मला तुला ठेवता येत न्हाय, अमरेश."

अजून कुणीही घरी फोन लावला नव्हता. तरी जिन्यात पावलं वाजली आणि श्रीदेवी डबे घेऊन दारात उभी राहिली. तिनं सरांचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं. तिनं पडद्यावरची ओळ वाचली, भावाचा चेहरा पाहिला आणि डबे जमिनीवर ठेवले. मग सगळ्यांना ओलांडून ती विरुपाक्ष सरांच्या टेबलापाशी गेली.

"अहो, हे कुणाला कळत न्हाय म्हणाला हुता की तुमी."