जुना आकडा

सोमवारी चादरीच्या एका डिझाइनची फाइल उघडायला चाळीस मिनिटं लागली. असं का झालं हे कारखान्यात फक्त कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या देवदत्तलाच ठाऊक होतं. केलंही त्यानेच होतं.

रविवारी कुणी नसताना त्याने सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचा बफर, म्हणजे येणारी माहिती क्षणभर थोपवून धरायची जागा, आठपट वाढवली होती. सर्व्हर पळेल असं इंटरनेटवर वाचलं होतं. मालकांची परवानगी घेतली नव्हती. सर्व्हर आता रांगत होता.

मालक ईश्वरप्पा आले. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"परवा प्रदर्शन. नवी डिझाइनं अजून बाहेरच्या कुणी बघितलेली नाहीत. पाचपर्यंत सुरळीत झालं नाही तर उद्यापासून येऊ नका."

मग खुर्ची ओढून ते शेजारीच बसले आणि स्क्रीनकडे असं बघू लागले, जणू ती घाबरेल. स्क्रीन नाही घाबरली. त्यांच्यासमोर जुना आकडा परत घालणं म्हणजे कबुलीजबाबच. देवदत्त घाम पुसत केबली बदलत राहिला. बावीस वर्षांची नोकरी, मुलीचं शेवटचं वर्ष.

चार वाजता डिझायनर शिवयोगी मागून कुजबुजला. त्याचा आज कामाचा शेवटचा दिवस.

"सर, काल काहीतरी बदललं व्हय? तोंडच सांगतंय की तुमचं. मी मालकांना खाली नेतो. तुमी पहिल्यासारखं करा."

"कुणाला बोलू नकोस रे."

"मी कशाला बोलतोय. मालक, निरोपाचा चहा तरी घ्या की माझ्यासंगं."

मालक उठले. देवदत्तने जुना आकडा घातला. फाइल चुटकीसरशी उघडली.

पाचला शिवयोगीला नारळ, पेढ्यांचा खोका आणि चादर मिळाली. देवदत्त त्याला गेटपर्यंत पोचवायला गेला, उपकार होते. चादरीचं पुडकं त्यानेच धरलं. आत काहीतरी चौकोनी, टणक लागलं.

"पेढे," शिवयोगी म्हणाला. "घरी न्यायला."

वॉचमन अजिनाथने रिवाजाप्रमाणे शिवयोगीचे खिसे, डबा, बूटसुद्धा तपासले. देवदत्तची झडती तो कधीच घेत नसे.

परत येऊन देवदत्तने निवांतपणे सर्व्हरची नोंद उघडली. सकाळी नऊपासून शिवयोगीच्या टेबलावरून सगळी नवी डिझाइनं कॉपी होत होती. साठातली जेमतेम दहा झाली होती. उरलेली पन्नास, जुना आकडा घातल्यावर, अकरा मिनिटांत.

त्याने मान वळवली. शिवयोगीच्या टेबलावर पेढ्यांचा खोका तसाच होता, दोराही न सोडलेला.